बिनखिळ्याचा मांगर

मांगरकरांनी आमच्या दारासमोर एका माणसाचा दात पाडला, तेव्हा माझ्या लग्नाला दहा दिवसही झाले नव्हते. मी ह्यांच्यासाठी चहा घेऊन गॅलरीत आले, तर कठड्याला एक इसम दाबून धरलेला, त्याची गचांडी एका बुटक्या, रुंद, काळ्याभोर माणसाच्या मुठीत, आणि लादीवर रक्ताच्या थेंबांत एक अख्खा दात. बुटका माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "च्याय हय ठेव गो. ह्येका पाज. तोंड सुजतला तेचा." ज्याचा दात पाडला, त्यालाच चहा! मी वाईची. आमच्याकडे भांडण झालं की माणसं सहा सहा महिने बोलत नाहीत, पण एकमेकांच्या अंगाला बोट लावत नाहीत. मी कपबशी तिथेच ठेवली आणि आत येऊन ह्यांना म्हटलं, "मला आत्ताच्या आत्ता माहेरी पोचवा."

हे दाढी करत होते. साबणाच्या फेसातून म्हणाले, "चुलतभाऊ आहे तो त्यांचा. मांगर मोडून टाका म्हणाला असेल. दुसऱ्या कशावरून तात्या एवढे चिडत नाहीत."

चाळीत सगळे त्यांना समोर तात्या म्हणत आणि पाठीमागे मांगरकर. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते भाडेपावतीपुरतं उरलं होतं. लालबागची आमची ती चाळ म्हणजे अर्धं कोकणच, आणि प्रत्येकाचं गावाकडे काही ना काही होतंच. कुणाची दोन कलमं, कुणाची विहीर. मांगरकरांचा मांगर होता. मांगर म्हणजे शेतातलं घर. गावातलं राहतं घर निराळं. भात लावायच्या वेळेपासून मळणीपर्यंत सगळं बिऱ्हाड गुरांसकट या शेतातल्या घरात मुक्कामाला जायचं. मांगरकरांचा तो त्यांच्या आज्याने बांधलेला होता, आणि त्याच्याबद्दल कुणी वावगा शब्द काढला की तात्यांचा हात आधी चाले, तोंड मागून.

मिलच्या सुतारखात्यात ते कामाला होते. मागाच्या लाकडी भागांची दुरुस्ती हे त्यांचं काम. तिथेही त्यांची दहशत होती म्हणे. एका नव्या सुताराने मोडक्या फळीला चार खिळे ठोकून ती परत पाठवली, तर मांगरकरांनी ती फळी त्याच्या पाठीवर मोडली आणि मग संध्याकाळपर्यंत बसून त्याला सांधा करायला शिकवलं. "खिळो म्हणजे आळशाचा काम," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा बसायच्या आधी त्यांनी खुर्ची उलटी केली, तिच्या पोटातले खिळे बघितले आणि तुच्छतेने जमिनीवर बसले. माझ्या वडिलांनी आंदणात दिलेली खुर्ची होती ती! मला इतका राग आला होता की मी त्यांना चहा बिनसाखरेचा दिला. त्यांनी तो एका घोटात प्यायला आणि म्हणाले, "मास्तरणी, तू माझ्यासारखीच आसस. रागीट." मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवत होते, म्हणून मास्तरणी. त्या दिवसापासून आमचं जमलं.

मांगर मी कधी पाहिला नाही, पण मला तो पाठ होता. सुट्टीच्या दिवशी ते आमच्या उंबऱ्यात बसत आणि कोळशाने लादीवर मांगर काढत. लाल चिऱ्यांच्या भिंती, वर नळीच्या कौलांचं छप्पर, बारा खांब फणसाचे, आढं किंजळीचं. आणि सबंध मांगरात लोखंडाचा एक तुकडा नाही. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं, वरून लाकडाचीच खुंटी. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना पटाशीने केलेली खूण, एका सांध्याला एक रेघ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला फुली, म्हणजे कुणीही उतरवून पुन्हा तसाच उभा करावा. "आजो माझो शाळेत गेलो नाय," ते म्हणत, "पण तेना लाकडावर लिवन ठेवल्यान. तुझी पुस्तकां किती वरसा टिकतत गो? ह्या बघ, चार वादळां झाली, बाजूची नवी घरां उडाली, माझ्या मांगराचो एक वासो हाललो नाय."

मी एकदा म्हटलं, "पण तात्या, तिथे राहतं कोण? तुम्ही इथे, भाऊ गावातल्या घरात. रिकामी वास्तू जपायची कशाला?"

त्यांनी हातातला कोळसा माझ्या अंगावर फेकून मारला. नवं पातळ होतं माझं! मी पण सोडते की काय, तोच कोळसा उचलून त्यांना परत मारला. मग ते म्हणाले, "मिलीत साठ सुतार आसत. एकाक तरी तसो सांधो जमता? माकाय जमणा नाय. इसरलंय की त्या मांगरात जातंय, वर चढतंय, हात लावन बघतंय. तो मोडलो तर मी कोणाक इचारू?" एवढ्या तापट माणसाच्या आवाजात मी त्या दिवशी पहिल्यांदा भीती ऐकली.

भीतीला कारणही होतं. धाकटा भाऊ विश्राम गावी एकटा सगळं सांभाळत होता. त्याचं राहतं घर गळत होतं, त्याला रस्त्याच्या कडेला सिमेंटचं घर बांधायचं होतं, आणि लाकडाचा एक व्यापारी मांगराभोवती घिरट्या घालत होता. जुनं फणसाचं लाकूड मुंबईत हातोहात खपतं, असं तो सांगे. तात्या थोरले, त्यांच्या शब्दाशिवाय विश्राम खुंटीला हात लावणार नव्हता. पण विचारायचा मात्र दर वर्षी. आणि दर वर्षी तात्यांचं पत्र जायचं.

ती पत्रं तळमजल्यावरचे एक निवृत्त पोस्टमन लिहून देत, कारण तात्यांना अक्षरओळख नव्हती. त्या वर्षी पोस्टमनकाका कायमचे गावी गेले आणि काम माझ्याकडे आलं. विश्रामचं पत्र मीच वाचून दाखवलं. मागची भिंत खचली आहे, दोन पावसाळे एकट्याने छप्पर शाकारलं, आता होत नाही, व्यापारी फार मागे लागला आहे, दादाने काय ते एकदाच कळवावं. तात्यांच्या मानेची शीर तटतटली. मी कागद घेतला आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. पहिलंच वाक्य असं होतं की, मांगराला हात लावलास तर तो हात खांद्यापासून उपटून तुझ्याच छपरावर वाळत घालीन. पुढची मी इथे लिहीत नाही. त्यात त्यांच्या स्वतःच्याच आईचा उद्धार होता, जी विश्रामचीही आईच. शेवटी "आवशीक खाव तुझ्या" असं म्हणून त्यांनी मला बजावलं, "ह्या सगळा घाल हां. जसां सांगतंय तसां. शिवी नाय तर तेका माझा पत्र वाटाचा नाय."

मी मान डोलावली. आणि माझ्या मनाने पत्र लिहिलं.

काय सांगू! मी होते तेवीस वर्षांची, ट्रेनिंग कॉलेजात निबंधाला पहिला नंबर मिळवलेली, आणि माझ्या हातून, माझ्या वळणदार अक्षरात, असलं घाणेरडं काही लिहिलं जाणार? शिवाय मला वाटलं, मी दोन भावांतलं वैर मिटवते आहे. मोठी शहाणी ना मी! मी लिहिलं, "चि. विश्राम यास अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पावले. मांगर ही पूर्वजांची ठेव आहे, ती जपावी असे मला वाटते. तथापि तू तेथे आहेस, परिस्थिती तू जाणतोस. सारासार विचार करून योग्य ते करावे." ते शेवटचं कुणी सांगितलं होतं मला? कुणीही नाही. पत्र सभ्यपणे संपवावं म्हणून मी घातलं. तात्यांनी विचारलं, "सगळा घातलंस?" मी म्हटलं, "तुम्ही सांगितलंत तस्संच." ते खूश होऊन म्हणाले, "आता विश्रामाची छाती नाय. शिमग्याक जातंय आणि मागची भिंत उभी करतंय."

त्यानंतर मुंबई पेटली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला लालबाग-परळमध्ये कुणी बोलावणं धाडावं लागत नव्हतं. गिरण्यांची धुराडी बंद, ट्राम बंद, रस्त्यावर दिव्याचे खांब आडवे केलेले, गटारांची झाकणं उपटलेली. पोलीस नाक्यावरून आत शिरले की चाळींच्या गच्च्यांवरून दगड, सोडावॉटरच्या बाटल्या, उकळतं पाणी, जे हाताला लागेल ते खाली यायचं. खोटं कशाला सांगू, सासूबाईंचा वरवंटा मी स्वतः खाली टाकला. लाठीमाराखाली एक म्हातारा कोसळला होता आणि दोन शिपाई पडलेल्या माणसाला मारत होते, ते मला बघवेना. वरवंटा एकाच्या बुटापाशी आपटून फुटला. शेजारी उभे राहून मांगरकर ओरडले, "नेम चुकलो गो! हात सरळ ठेव!"

त्या दिवसांत त्यांना नुसता चेव चढला होता. मुंबई ज्यांनी पैसा घातला त्यांची, असं कुणीतरी सभेत म्हणाल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. "पैसो घातल्यान?" ते गॅलरीत मुठी आपटत म्हणायचे. "मगे लाकूड तासूचो वाकस कोणाच्या हातात होतो? घर बांधणाऱ्याचा नाय तर कोणाचा?" मुंबई आणि मांगर त्यांच्या डोक्यात एकच होते. मांगर वाचला, आता मुंबई वाचवायची, असा त्यांचा सरळ हिशेब. रोज सकाळी चहा पिऊन ते रस्त्यावर जात आणि दुपारी कुठेतरी फुटून येत. मी जखमा धुवायची. एकदा एका शिपायाची लाठी हिसकावून त्यांनी गुडघ्यावर मोडली होती, आणि त्यांची तक्रार होती की बांबू कच्चा निघाला.

मग एके दिवशी दुपारी गोळीबार झाला. आधी अश्रुधुराची नळकांडी आली, आम्ही बायका ओले पंचे तोंडाला बांधून गॅलरीत बसलो होतो. नंतरचा आवाज वेगळा होता, कोरडा, पाठोपाठ. रस्ता क्षणात रिकामा झाला, मागे चपला आणि सहा-सात माणसं तेवढी उरली. एक तरुण पोटाला धरून गोल गोल फिरत होता आणि त्याच्या बोटांतून रक्त येत होतं. मांगरकर त्याच्याकडे धावले. त्याला ओढत आणण्यासाठी उजवा हात त्यांनी पुढे केला, आणि तो हात माझ्या डोळ्यांदेखत फुटला. मी सभ्य शब्द शोधत नाही. फुटला. मनगटाखाली नुसता लाल चिखल उरला. तरी डाव्या हाताने त्यांनी त्या मुलाला चाळीच्या तोंडापर्यंत आणलं. मुलगा तिथेच गेला.

स्ट्रेचर कुठलं मिळायला? आमच्या पोरांनी तळमजल्यावरच्या एका खोलीचं दार बिजागरीतून उपटलं आणि तात्यांना त्यावर घातलं. अर्धवट शुद्धीत ते डोळे उघडून पुटपुटले, "दार असां उपटतत? खिळे वाकडे केलास, मेल्यांनू." परळच्या इस्पितळात पोचेपर्यंत दारावरून रक्त ठिबकत होतं. रात्री डॉक्टरांनी हात मनगटापासून काढला.

गावी तार गेली होती. पाचव्या दिवशी विश्राम आला. तात्यांचाच लहान साचा, पण वाकलेला, पायात वहाणा नाहीत. मी डबा घेऊन खाटेशी उभी होते. वॉर्डात गोळी लागलेली माणसं जमिनीवर गाद्या घालून झोपवली होती, एकजण सारखा पाणी मागत होता. विश्राम भावाच्या पायांशी बसला आणि भावाचं पांघरूण नीट करत राहिला. मग तात्यांनीच विचारलं, "मांगराची भिंत कशी आसा?"

"दादा," विश्राम म्हणाला, "मांगर उतरवलंय. लाकडां गलबतावर चढली. तार येवच्या दोन दिस आधी."

विश्राम घाईघाईने बोलत सुटला. "तुझा पत्र इला. बायलेक म्हटलंय, ह्या दादाचा नाय. एक शिवी नाय तेच्यात! पोस्टातल्या मास्तराकडसून दोनदा वाचून घेतलंय. योग्य ता कर, असां लिवलला. मी म्हटलंय, दादा रागावलो असतलो, दुसरा पत्र धाडतलो. आठ दिस वाट बघलंय रे. व्यापाऱ्याक दारात बसवन ठेवलंय. रोज पोस्टात जातंय, म्हटलंय शिवी येतली, शिवी येतली. नाय इली. मगे समाजलंय, दादान मांगर सोडल्यान. माका एकट्याक तो सांभाळूक होयना नाय, पण तू एक शिवी घातलंस असतंस, तर मी मेलंय असतंय तरी खुंटी काढलंय नसतंय."

माझ्या हातातला डबा खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. मांगरकरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. ते सगळं समजले. मी डोळे मिटले आणि वाट पाहू लागले, कारण त्या माणसाच्या रागाला मी वर्षभर ओळखत होते. आता माझं नाव घेतील, आता सगळा वॉर्ड ऐकेल, आता तांब्या माझ्या डोक्यात बसेल.

"मीच सांगितलंय तसां लिवक," तात्या म्हणाले. "माझाच चुकला. जवळ ये."

विश्राम उठून जवळ गेला. तात्यांनी डाव्या हाताने त्याच्या मुस्काटात अशी वाजवली की पाणी मागणारा माणूसही थांबला. "ही घे," ते म्हणाले. "पत्रात ऱ्हवलली." विश्राम त्यांच्या छातीवर डोकं ठेवून मोठ्याने रडू लागला, आणि ते त्याच डाव्या हाताने त्याच्या पाठीवर थोपटत राहिले.

मी आणि विश्राम ती लाकडं शोधायला निघालो. संचारबंदी उठली की तेवढ्या वेळात आम्ही बंदरावरच्या लाकडाच्या वखारी पालथ्या घालत असू. तिसऱ्या दिवशी एका वखारीत विश्राम एकदम खाली बसला. कापलेल्या फळ्यांचा ढीग होता, आणि एका फळीच्या कडेला पटाशीची फुली होती, अर्धी. करवत बरोबर तिच्यातून गेली होती. बारा खांबांच्या, आढ्याच्या, सगळ्याच्या फळ्या झाल्या होत्या. विश्रामने ती एक फळी मागून घेतली. वखारवाला म्हणाला, घेऊन जा, तिच्यात गाठ आहे.

तात्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. एक शब्दही मऊ केला नाही. फळ्या झाल्या, सगळ्याच्या, एकही सांधा शिल्लक नाही. मग म्हटलं, "तात्या, ते पत्र मी…"

"ऱ्हवांद्या, बाईंनू," ते म्हणाले. "सांगितलात ता बरां केलात."

बाईंनू. केलात. आजवर मला त्या माणसाने 'गो' नाहीतर 'मास्तरणी' याशिवाय हाक मारली नव्हती. मला वाटलं, अशक्त आहेत, दोन दिवसांनी येतील ताळ्यावर. पण ते इस्पितळातून चाळीत आले तरी तेच. बाईंनू, जरा पाणी देशात? बाईंनू, तुमका त्रास झालो. माझ्या खुर्चीवरसुद्धा निमूट बसायला लागले, खिळे न बघता. मी मुद्दाम त्यांच्याशी भांडण उकरून काढलं, बिनसाखरेचा चहा दिला, एकदा तर चक्क म्हटलं, "मला मारा तात्या, पण हे बंद करा." त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "तुमका मारून मांगर उभो ऱ्हवतलो, बाईंनू?" रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ते खरोखरच विचारलं होतं. चाळीत खरं कारण कुणालाच कळलं नाही, आमच्या ह्यांनाही नाही. सगळे म्हणत, हात गेल्यापासून मांगरकर मवाळ झाले. मवाळ कसले! बाकी सगळ्यांना त्यांच्या शिव्या पूर्वीसारख्याच मिळत होत्या.

मिलने त्यांना घरी बसवलं. एका हाताच्या सुताराला कोण ठेवणार? शिमग्याच्या आधी ते कायमचे गावी निघाले. भाऊच्या धक्क्यावर अख्खी चाळ पोचवायला आली होती. बोट लागली आणि त्यांचा तोफखाना सुरू झाला. ट्रंक उचलणाऱ्याला शिवी, उशिरा आलेल्या चुलतभावाला शिवी आणि पाठीत गुद्दा, रडणाऱ्या बायकांना शिव्या, पोरांना सज्जड दम की मुंबई घेतल्याशिवाय गावाक तोंड दाखवू नका. सगळे हसत होते आणि डोळे पुसत होते. मी मागे उभी होते. माझी पाळी येईल म्हणून उभी होते.

ते माझ्यासमोर आले. डावा हात छातीशी नेला, उजव्या बाजूचं पांढरं बँडेज त्याला जुळवलं आणि त्या दीड हातांनी मला नमस्कार केला. "येतंय बाईंनू," म्हणाले. "तुमचे उपकार झाले." आणि फळीवरून बोटीत चढून गेले.

पुढे मुंबई मिळाली, महाराष्ट्र झाला. तोवर मांगरकर नव्हते. विश्रामने दोन ओळींत कळवलं, मी ते पत्र एकटीने वाचलं. त्यानंतर चाळीतल्या कितीतरी लोकांची पत्रं मी लिहिली, आणि जो जसं सांगेल तसं लिहिलं, शिवीसुद्धा शुद्धलेखन सांभाळून. पण त्यामुळे काही भरून येत नाही. त्या दिवशी इस्पितळात त्यांनी मला भावासारखी एक ठेवून दिली असती, तर मी इतक्या वर्षांनी हे लिहायला बसले नसते.